टाचांचं मलम

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. चार ओळींचं पत्र आणि त्यातल्या तीन ओळी टाचांच्या. भेगा पडल्या आहेत, तुझ्या मलमाचा डबा पाठव, जरा जालीम कर. खोली कशी आहे, जेवता कुठे, झोप लागते का, यातलं एक अक्षर नाही. तुम्ही आख्ख्या आहात की नुसत्या टाचाच उरल्या आहेत, असं तुमच्या भावाला विचारणार होते. पण तुमचं नाव काढलं की ते वर्तमानपत्रात तोंड खुपसतात, म्हणून तुम्हालाच विचारते.

डबा सोबत पाठवते आहे. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवल्या, तिळाच्या तेलात मुरत ठेवल्या, मग पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर मेण विरघळवलं. गार बशीवर थेंब टाकून पाहिला, छान धरला. तुम्ही जालीम म्हणालात म्हणून यात हळदही मुरवली आहे. हाताच्या किंवा चेहऱ्याच्या मलमात मी हळद कधी घालत नाही. लोक पिवळे होऊन हिंडतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात. पण टाचांकडे कोण बघतंय? झोपताना लावा, वर जुने मोजे चढवा. डब्यात ओलं बोट घालू नका, पाण्याचा थेंब गेला की बुरशी आलीच म्हणून समजा.

कोपऱ्यावरची पार्लरवाली परवा आली होती. म्हणे, गोरं करणारं क्रीम करून द्या, हातोहात खपेल. मी म्हटलं, मी कातडी बरी करते, तिला रंग देत नाही. रंगच द्यायचा असेल तर भिंत घेऊन या. ती रागावून गेली. तुमचे भाऊ म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक घालवलंस. हो, घालवलं.

तुम्ही या घरातून निघालात त्याला वर्ष होत आलं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी कुणी राहू नये असं कुठे लिहिलंय, असं मी तेव्हाही म्हणाले होते. पण तुम्हाला उपकाराची भाकरी घशाखाली जाईना, आणि दारातून जाताना तुमच्या भावाने तोंड सोडलं: "जा, जा. लोकांची धुणी धुशील तिकडे." तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. आज मोठ्या हॉटेलच्या कपड्यांवर देखरेख करता, हे मी त्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. वर्तमानपत्र हललं नाही, पण पानही उलटलं नाही.

लोभ आहेच, तो असावा असं वेगळं काय लिहायचं.

तुमची
वहिनी

१६ जानेवारी

वहिनी,

तुझा डबा मिळाला. उघडला आणि तुझ्या स्वयंपाकघराचा वास आला. टाचांना आराम पडला.

इथलं विचारतेस म्हणून सांगते. हॉटेल समोरच्या रस्त्यावर आणि त्याचं धुलाईघर मागच्या गल्लीत. पाहुण्यांना हॉटेल दिसतं, गल्ली दिसत नाही. आत एका भिंतीला मोठाली मशीनं, दुसऱ्या भिंतीला लांब सिमेंटची मोरी. मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक चादर, उशीचा अभ्रा, नॅपकिन या मोरीवर येतो आणि डाग हाताने काढावा लागतो. कॉफीला एक औषध, लिपस्टिकला दुसरं, तेलकटाला कढत सोडा. रक्ताला कढत पाणी लावलंस तर डाग जन्माचा बसला, त्याला गारच लागतं. दुपारी इस्त्रीच्या रुळातून चादरी गरमागरम बाहेर येतात आणि दोघी दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. मी हे सगळं बघते. म्हणजे देखरेख.

आमच्यावर एक साहेब आहेत. त्यांच्या शर्टाची कॉलर इतकी ताठ असते की मान वळवायची तर सगळा माणूस वळतो. बायकांनी त्यांचं नाव कांजी ठेवलंय. तोंडावर साहेब, पाठीमागे कांजी. त्यांना वास आवडत नाही, बोलणं आवडत नाही, बसणं तर मुळीच नाही.

माझ्याबरोबर एक उंच बाई आहे, तिला सगळे शिडी म्हणतात. तिलाही थोडं मलम दिलं. तिनं आणखी दोघींना दिलं. तेव्हा मोठा डबा पाठवशील का? आणि यापेक्षाही जालीम चालेल. टाचा फार हट्टी आहेत.

दादाला नमस्कार सांग. नको, राहू दे.

तुझी
नणंद

२५ जानेवारी

प्रिय वन्सं,

मी अडाणी नाही. माणसाला दोन टाचा असतात. तेवढा डबा मला वर्षभर पुरतो, आणि माझ्या टाचा काही राणीच्या नाहीत. तुमचा आठवडाभरात संपला. चार बायकांच्या आठ टाचा धरल्या तरी हिशोब बसत नाही. तुम्ही गोम आहात का?

आणि देखरेख करणाऱ्या बाईला कॉफीला कोणतं औषध आणि रक्ताला कोणतं पाणी हे इतकं पाठ कसं, हाही एक प्रश्न मनात आला. मग वाटलं, तुम्ही लहानपणापासून भोचकच, बघून बघून शिकला असाल. तुमचे भाऊ म्हणाले, ती आधीपासून दुसऱ्याच्या कामात नाक खुपसते. ते तुमच्याबद्दल बोलले, वन्सं. वर्षभरात पहिल्यांदा.

मोठा डबा पाठवते आहे. हट्टी टाचा म्हणालात म्हणून या वेळी हळद दुप्पट मुरवली. तेल असं गडद झालंय की माझी लाकडी पळी कायमची पिवळी झाली. मेणही वाढवलंय, भेगेत बसून राहील. तुमचे भाऊ पातेल्याजवळ येऊन नाक मुरडून गेले, पण मी हात पुसायला गेले तेवढ्यात मागून ढवळत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एकच विचारते, खरं सांगा. भेगा कडेला आहेत की मधोमध? रक्त येतं का? कोरड्या आहेत की पाणी सुटतं? मी काही डॉक्टर नाही. रक्त येत असेल तर आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडे या. मलमाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांतली मी नव्हे.

तुमची
वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

अक्षर वेगळं दिसेल. बोटात काटा गेलाय, म्हणून मी सांगते आणि शिडी लिहिते आहे. काळजीचं काही नाही. मोठा डबा मिळाला. फार चांगला झालाय. आम्ही सगळ्या वापरतो. भेगा मधोमध आहेत, रक्त येत नाही, आता जवळजवळ बुजल्याच म्हण.

इथे काम वाढलंय. हॉटेल भरलेलं आहे. कांजीसाहेबांनी मोरीवरच्या एकीला काढून टाकलं आणि तिचं काम उरलेल्यांत वाटलं. म्हणजे मी वाटलं, देखरेख म्हणून.

दादाने ढवळलं हे वाचून हसू आलं. त्याला सांग, पळी एकाच दिशेने फिरव.

तुझी
नणंद

ताजा कलम: हे मी माझ्या मनाने लिहिते, बाईंना सांगितलेलं नाही. मी शिडी. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचं मलम मी रोज लावते म्हणून तुम्ही मला परक्या नाही. वहिनी, टाचा नाहीत. हात आहेत. मोरीवर दिवसभर कढत सोडा आणि ब्लीच. आमच्या सगळ्यांचे हात तसेच, पण यांचे जास्त, कारण या दुसऱ्यांच्या वाट्याचे अवघड डागही आपल्याकडे ओढून घेतात. उजव्या हाताच्या बोटांना पेन धरवत नाही. काटाबिटा काही नाही. हातमोजे मागितले तर साहेब म्हणाले, मोजे घालून डागाचा अंदाज येत नाही. देखरेखीचं काम इथे कुणालाच नाही, ते फक्त साहेबांना आहे. मी चहाडी केली असं वाटत असेल तर वाटू दे. मुद्दाम पाकिटावर माझा पत्ता घातलाय. उत्तर मीच उघडेन आणि त्यांना वाचून दाखवेन.

१४ फेब्रुवारी

वन्सं,

तू खोटारडी आहेस. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, नणंद वयाने लहान असली तरी मानाने मोठी, तिला अहोजाहो करायचं. इतकी वर्षं केलं. आज होत नाही.

टाचा म्हणे. माझ्याशी खोटं बोललीस याचा राग नाही, माझ्या मलमाशी खोटं बोललीस याचा आहे. हाताचं मलम वेगळं असतं, बाई. त्यात मी हळद घालत नाही हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ते वाचूनसुद्धा तू गप्प बसलीस, कारण खरं सांगायचं तर दादाचे शब्द खरे ठरत होते. एवढ्यासाठी? त्या माणसाच्या एका वाक्यासाठी तू वर्षभर बोटं सोलून घेतलीस?

आता नीट ऐका, दोघी. ते हळदीचं मलम हाताला लावून पांढऱ्या कपड्याला हात लावू नका. पिवळा डाग पडेल, तो इस्त्रीच्या वाफेत दिसणारही नाही इतका फिका असेल. पण त्याला साबण किंवा सोडा लागला की हळद लाल होते. रक्तासारखी लाल. मी या हळदीपायी स्वतःचे दोन परकर घालवले आहेत. हे पत्र मिळताच डबा बाजूला ठेवा. बिनहळदीचा डबा सोबत पाठवते आहे, त्यात कोरफड नाही, पाणी नाही, फक्त झेंडू, तेल आणि मेण. दुपारच्या घड्यांआधी लावायचं असेल तर हाताला पूर्ण जिरू द्या, वर सुती कापडाने पुसा.

आणि दवाखान्यात जा. भेगेत ब्लीच जात असताना वरून मलम लावणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. माझं मलम चांगलं आहे, पण ते सोड्याशी रोज लढून जिंकेल इतकं चांगलं नाही. ते कुणाचंच नसतं.

परत ये असं मी लिहिणार नाही. तुला हवं असतं तर तू आली असतीस. तुझ्या दादाला मी सगळं सांगितलं. जेवत होते. घास खाली ठेवला, उठले, हात न धुता ओट्याशी गेले आणि मेण किसायला बसले. मला नको असताना सगळं मेण किसून ठेवलं. ते अजून तसंच पडलंय.

तुझी
वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी,

लिहिते शिडी, शब्द माझे. तुझं उत्तर अजून आलेलं नाही. शिडीने तुला काय लिहिलं ते तिनं काल कबूल केलं. मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही, मग तिच्याशिवाय पत्र कोण लिहिणार म्हणून बोलले. तेव्हा आता लपवायचं काही नाही. हो, मी लोकांची धुणी धुते.

जे झालं ते ऐक. हॉटेलच्या कुठल्याशा खोलीत एका पाहुणीला चादरीवर फिका पिवळा डाग दिसला. बाई टापटिपीची असावी. तिनं टॉवेल ओला करून साबण लावून चोळलं. वहिनी, तिच्या डोळ्यांदेखत त्या डागाचा पंजा झाला. पाच बोटं, तळवा, सगळं लाल. ती किंचाळत जिन्यावरून खाली आली. हॉटेलवाल्यांनी आणखी चादरी तपासल्या, सात-आठ निघाल्या. तळव्यांचे, बोटांचे, अंगठ्यांचे ठसे. इतकी माणसं त्या चादरींवर झोपून गेली आणि आमचे हात त्यांच्या पाठीखाली होते.

बाकीच्या चादरी पुन्हा धुऊन स्वच्छ झाल्या. पंज्याची ती एक कांजीसाहेबांनी पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे. आमच्या पिशव्यांची झडती झाली, डबे जप्त झाले. साहेब म्हणाले, शनिवारी हॉटेलच्या मालकीणबाई येणार आहेत, त्यांच्यासमोर एकेकीने चादरीवरच्या पंज्यावर हात ठेवायचा. जिचा जुळेल ती त्याच दिवशी बाहेर. तोपर्यंत कुणी आपणहून पुढे आलं तर निदान दुसरीकडे काम मिळेल असं पत्र देईन.

डाग काढणारीनंच डाग लावला, असं म्हणत हिंडतात. पंजा माझा आहे. करंगळी वाकडी आहे, लहानपणी दादाने दारात चेंगरली होती ती. दुसऱ्या कुणाची म्हणून खपायची नाही. मी पुढे होऊन निघून जावं असं वाटतं, म्हणजे बाकीच्यांच्या मागचा त्रास टळेल. शिडी म्हणते, मग मोरीवर उद्या नवी येईल आणि महिन्याभरात तिचे हात असेच होतील, तेव्हा तुम्ही निघून गेलात म्हणून आम्ही टाळ्या वाजवायच्या का. ती हे लिहितानासुद्धा रागाने पेन दाबते आहे, कागद फाटेल.

काय करू ते सांग.

तुझी
नणंद

१९ फेब्रुवारी

वन्सं,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना चुकली. आता घाईत लिहिते, शनिवारच्या आत पोचलं पाहिजे. तुझे दादा स्वतः टपालात टाकायला निघाले आहेत, चपला घालून दारात उभे आहेत.

हळदीची एक गोष्ट तुला कांजी सांगणार नाही, कारण त्याला ठाऊक नसणार. हळद उन्हाला टिकत नाही. ती चादर ओली करून कडक उन्हात टाकली तर संध्याकाळपर्यंत पंजा उडून जाईल. काही घासायला नको, औषध नको. कपाटाची किल्ली कुणाकडे असते? झाडणारीकडे? तुम्ही इतक्या जणी आहात, एक चादर एक दिवस गच्चीवर टाकता येणार नाही का? शनिवारी घडी उघडेल आणि आत काहीच नसेल. पंजा नाही तर जुळवणार काय?

हा एक रस्ता. मी सांगितला, कारण तो आहे आणि तू विचारलंस.

दुसरं सांगते ते माझं मत. तू आपणहून पुढे होऊन निघून जाऊ नकोस. डाग माझ्या हळदीचा आहे, ते मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. भेगा त्यांच्या सोड्याच्या आहेत, ते त्यांनी सांगावं. या दोन गोष्टी एकाच हातावर आहेत म्हणून दोन्हींचा दोष त्या हाताचा होत नाही.

तुझ्या दादांना विचारलं, काय लिहू? म्हणाले, "करंगळी मीच चेंगरली होती, लिही. आणि लिही की तिनं तेव्हाही हात मागे घेतला नव्हता."

जातात आता.

तुझी
वहिनी

२८ फेब्रुवारी

वहिनी,

हे मी लिहिते आहे, माझ्या हाताने. मुंग्यांची रांग वाटेल, पण वाच. दोन दिवस लागले.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. शिडीने मोरीमागे उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. उन्हाचं ऐकल्यावर सगळ्यांनी झाडणारीकडे पाहिलं. कपाटाची किल्ली खरंच झाडणारीकडे असते. ऊन कडकडीत होतं, गच्ची रिकामी होती. झाडणारी म्हणाली, आत्ता आणते. ती निघालीसुद्धा. आणि मी म्हटलं, नको.

का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट सांगता येईना. शिडीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, नकोच. आता सांगता येतं. मोरीवर आम्ही रोज डाग घालवत आलोय. कॉफी सांडणाऱ्याचा, लिपस्टिकवालीचा, कुणाकुणाचा. सगळे डाग गेले की वाटतं त्या चादरीला कधी कुणाचा हातच लागला नव्हता. हा एक आमचा राहिला होता. तो आपल्याच हाताने उन्हात टाकायचा, हे मला जमेना.

शनिवारी मालकीणबाई आल्या. साहेबांनी घडीचं टेबल मोकळं केलं, चादर पसरली आणि ओल्या साबणाचा बोळा स्वतः फिरवला. वाळून पुन्हा पिवळा पडलेला पंजा परत लाल झाला. वहिनी, तुझं मलम भेगेत बसून राहतं असं तू लिहिलं होतंस ना, तसंच बसलं होतं. तळव्यावर प्रत्येक भेगेची रेघ गडद उमटली होती. मीसुद्धा माझा हात इतका नीट कधी पाहिला नव्हता.

रांग लावली. पहिली शिडी. तिनं ठशावर हात ठेवलाच नाही. पदराच्या गाठीतून तुझ्या हळदीच्या मलमाची छोटी डबी काढली, झडतीत सापडली नव्हती ती, पिशव्या तपासल्या, पदर कुणी तपासले नव्हते. सगळ्यांसमोर शांतपणे दोन्ही हातांना मलम चोळलं आणि माझ्या पंज्याशेजारी आपला पंजा दाबला. म्हणाली, हा माझा. डबी मागे दिली. मागचीनं तेच केलं. साहेब ओरडत होते, मालकीणबाई ओरडत होत्या की चादर खराब होते आहे. एकही थांबली नाही. साबणाचं पाणी चादरीवर होतंच, ठसे एकामागून एक लाल होत गेले. परवाच कामाला लागलेल्या एका मुलीच्या हाताला अजून भेगा नव्हत्या, ती ओशाळली. शिडी म्हणाली, लाव, तुझा कोरा हातही दिसू दे.

माझी पाळी आली तेव्हा चादर भरून गेली होती. आता कुणाचा हात कुणाचा हे साहेबांना मरेपर्यंत कळलं नसतं. मला गप्प बसून पुढे सरकता आलं असतं. पण मला गर्दीत लपायचं नव्हतं, वहिनी. टाचा म्हणून वर्षभर लपवलं तेवढं पुरे झालं. मी माझा हात माझ्याच ठशावर ठेवला, वाकड्या करंगळीसकट, आणि म्हटलं:

"हा माझा, साहेब. बोटं जुळतात. आता भेगाही जुळतात का ते बघा."

मग आम्ही हात पुसले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलो. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या उभ्या. रूळ थांबला, मशीनं आपापली फिरून बंद पडली. साहेब म्हणाले, सगळ्यांना काढतो. शिडी म्हणाली, काढा, पण मग मोरीवर या, गार पाण्याचा डाग कुठला आणि कढत पाण्याचा कुठला ते सांगून जाते. थोड्या वेळाने हॉटेलातून फोन आला की चादरी कुठे आहेत. परत आला. परत आला. मालकीणबाईंच्या अंगात दयाबिया काही संचारली नाही, त्या चादरीकडे शेवटपर्यंत नीट बघूसुद्धा शकल्या नाहीत. पण तिसऱ्या फोननंतर त्यांनी साहेबांना बाजूला नेलं.

आता आम्हाला लांब रबरी मोजे मिळाले आहेत. मोरीवर कुणी सलग दिवसभर उभं राहायचं नाही, पाळी लावली आहे. काढून टाकलेली परत आली. सोमवारी मी दवाखान्यात गेले, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तुझं बिनहळदीचं मलम बघितलं, हुंगलं आणि म्हणाल्या, हे लावा, पण हात कोरडे ठेवा. साहेब अजून साहेबच आहेत. काल एकीला बसलेली बघून खेकसले. ती उठली नाही.

ती चादर हॉटेल घेईना. साहेब शिडीला म्हणाले, पाण्यात बुडवा आणि गच्चीवर टाका, ऊन लागलं की जाईल म्हणे हे. कुठून तरी कळलं असावं. आम्ही हो म्हटलं. आणि ती आमच्या कपडे बदलायच्या खोलीत दाराला पडदा म्हणून लावली. खोलीला खिडकी नाही. तिथे ऊन कधीच येत नाही.

दादाला माझं एवढं सांग. वाचून दाखव, मोठ्याने, वर्तमानपत्र खाली ठेवायला लावून. म्हणावं, तुझं खरं झालं. मी लोकांची धुणी धुते. आणि त्याने किसून ठेवलेलं मेण वाया घालवू नकोस, त्याचं मलम कर. एक डबा बिनहळदीचा, रोजच्यासाठी. आणि एक हळदीचा पाठव, दुप्पट जालीम.

तो टाचांसाठी नाही.

तुझी
नणंद